एका दिवसाची मजल

'मजल' हा शब्द मराठींत अरबी भाषेंतून आला. सकाळीं निघालेला प्रवासी संध्याकाळीं जेथें उतरे त्या मुक्कामास, आणि त्या मुक्कामापर्यंतच्या अंतरासहि, हा एकच शब्द लावीत. फौज 'मजल दरमजल' करीत आली असें बखरकार लिहितात, तेव्हां ती एकेका दिवसाच्या टप्प्यांनीं आली एवढेंच त्यांस सांगावयाचें असतें. ह्या साध्या शब्दांत इतिहासाचें एक मोठें माप दडलेलें आहे. एखाद्या मुलखावर कोणाचें राज्य होतें हें जसें विचारावें लागतें, तसेंच त्या मुलखांतला माणूस एका दिवसांत किती दूर जाऊं शके हेंहि विचारावें लागतें. सरकारचा हुकूम किती दिवसांनीं पोहोंचेल, बाजारांत कापूस कोणत्या भावानें जाईल, सासरीं दिलेली लेक सणाला माहेरीं येईल कीं नाहीं, ह्या सर्वांचा निकाल शेवटीं मजल किती लांब ह्यावरच लागत असे.

बुलढाणा जिल्हा हा प्रश्न विचारण्यास फार सोयीचा आहे. वऱ्हाडाचे जुन्या काळापासून दोन भाग मानिले जातात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठार तें बालाघाट, आणि त्या रांगेच्या उत्तरेस पूर्णा नदीचें काळ्याभोर मातीचें खोरें तें पयानघाट. बुलढाणा जिल्हा ह्या दोहोंवर पसरलेला आहे. जिल्ह्याचें मुख्य गांव डोंगरमाथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर वसलें असून, त्याचें नांव 'भिल्लठाणा' ह्या शब्दावरून पडलें असें मानितात. पयानघाटांतून रेल्वे गेली तिला दीडशेंहून अधिक वर्षें झालीं. परंतु डोंगरावरील बुलढाण्यास ती अद्याप पोहोंचलेली नाहीं. दक्षिणेस जालन्याचें स्टेशन, उत्तरेस खामगांवचें स्टेशन, आणि मध्यें डोंगर, पठार व रस्ता. हीं दोन टोकें लोहमार्गानें जोडावीं ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. ती पुरी न झाल्यामुळें ह्या मधल्या मुलखाचा प्रवास आधीं बैलानें, मग घोड्यानें, पुढें मोटारीनें, आणि गेल्या चाळीस वर्षांत मोठ्या अंशीं मोटारसायकलीनें केला.

आतां ह्या मुलखांत एक नवा रिवाज पडला आहे. पाऊस सरला, ज्वारी हुरड्यावर आली, म्हणजे रविवारच्या पहांटे जालना, छत्रपति संभाजीनगर, अकोला अशा गांवांहून तरुणांच्या लहान टोळ्या मोटारसायकलींवर निघतात आणि दिवसभर फिरून रात्रीं मुक्कामास लागतात. अशी सहा-सात मित्रांची एखादी टोळी डोळ्यांपुढें आणावी. कोणी बँकेंत कारकून, कोणी शाळेंत शिक्षक, कोणी वडिलांच्या दुकानावर बसणारा. अलीकडे अशा टोळ्यांत मुलीहि असतात. जालन्याहून सिंदखेड राजा, तेथून लोणार, मेहकर, चिखली, बुलढाणा, आणि शेवटीं बोथ्याचा घाट उतरून खामगांव, असा फेरा धरला तर तो सुमारें सव्वादोनशें किलोमीटरांचा होतो. जुन्या मोजणीनें हे सत्तर कोस झाले. लमाणांचा लादलेला तांडा दिवसास पांच-सहा कोस चाले, ओझ्याची बैलगाडी आठ-दहा कोस जाई, आणि चांगल्या घोड्यावरचा स्वार पंधरा-वीस कोस मारी. म्हणजे तांड्याला जे बारा-तेरा दिवस, गाडीवानाला जो आठवडा आणि घोडेस्वाराला जे चार दिवस लागले असते, तें अंतर ही मंडळी सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्या वेळांत तोडितात. वाटेंत काय काय मागें पडतें, हें पाहण्यासारखें आहे.

जालना सोडल्यावर पाऊण तासाच्या आंत सिंदखेड राजा येतें. लखुजी जाधवरावांचें हें गांव. जाधवांचें घराणें आपला संबंध देवगिरीच्या यादवांशीं सांगे, आणि निजामशाहींत त्यांचा दर्जा पहिल्या प्रतीच्या सरदारांचा होता. येथील राजवाड्यांत १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाबाईंचा जन्म झाला असें मानिलें जातें, आणि दर वर्षीं त्या तारखेस येथें मोठा समुदाय लोटतो. वाड्याचें दगडी प्रवेशद्वार, रंगमहाल, नीलकंठेश्वराचें देऊळ, मोती तलावाची भक्कम बांधणी, हें सर्व पाहावयास तास-दोन तास सहज हवेत. पण घाईच्या प्रवाशाचीहि पावलें जेथें थबकावींत अशी जागा म्हणजे लखुजींची समाधि.

१६२४ च्या भातवडीच्या लढाईंत लखुजी मोगलांच्या बाजूस आणि त्यांचे जांवई शहाजीराजे निजामशहाच्या बाजूस होते. पुढें लखुजी पुन्हां निजामशाहीकडे वळले. परंतु २५ जुलै १६२९ रोजीं दौलताबादच्या किल्ल्यांत, दरबारास बोलावून, निजामशहानें त्यांचा वध करविला. त्यांच्याबरोबर त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव हेहि मारले गेले. दौलताबादेहून सिंदखेड सुमारें एकशें दहा किलोमीटर, म्हणजे घोडेस्वाराच्या दोन मजला. एका घराच्या तीन पिढ्या एका दुपारीं संपल्या, आणि ती बातमी माहेरच्या वाड्यांत येण्यास दोन दिवस लागावे असें तें अंतर होतें. त्यानंतर सात महिने पुरे होण्याच्या आंतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. म्हणजे पिता, दोन बंधु आणि भाचा गेल्याचें वर्तमान जिजाबाईंनीं ऐकलें तेव्हां त्यांच्या पोटीं तो गर्भ होता. स्वराज्याची कल्पना कोठून आली ह्याचीं पुष्कळ उत्तरें इतिहासकारांनीं दिलीं आहेत. त्यांतलें एक ह्या समाधीपाशीं उभें राहिल्यावर न सांगतां कळतें.

ह्या समाधीच्या परिसरांत २०२४ सालीं पुरातत्त्व खात्यानें डागडुजीसाठीं खोदकाम चालविलें असतां जमिनीखालीं एका प्राचीन शिवमंदिराचा पाया लागला, आणि आणखी खालीं गेल्यावर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ति सांपडली. शेषावर पहुडलेला विष्णु, पायांशीं लक्ष्मी, आणि सभोंवार समुद्रमंथनाचा देखावा असें तें शिल्प आहे. चारशें वर्षें ह्या वाटेनें घोडे, गाड्या, मोटारी गेल्या. ती मूर्ति त्या सर्वांच्या पायांखालीं निजलेली होती.

मराठी फौजेंत शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर व हत्यारानिशीं चाकरीस येई. बारगिराचा घोडा सरकारचा असे. मोटारसायकलस्वारांच्या टोळींतहि हा भेद अजून शिल्लक आहे. कोणाची गाडी स्वतःची असते, कोणी भावाची मागून आणिलेली असते, आणि पुष्कळांच्या गाड्यांचे हप्ते फिटावयाचे असतात. हप्तेवाल्यास शिलेदार म्हणावें कीं बारगीर, हा प्रश्न जुन्या कारकुनांसहि सुटला नसता.

सिंदखेड तालुक्यांतच साखरखेर्डा हें गांव आहे. १७२४ च्या आक्टोबरांत येथें निजामुल्मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला, आणि दिल्लीच्या बादशाहीपासून जवळजवळ स्वतंत्र असें हैदराबादचें राज्य उभें राहिलें. विजयाची खूण म्हणून गांवाचें नांव फत्तेखेर्डा असें ठेविण्यांत आलें. पण लोकांनीं जुनें नांव सोडलें नाहीं. १७५७ च्या डिसेंबरांत पेशव्यांच्या आणि निजामाच्या फौजा पुन्हां सिंदखेडाच्या आसपास भिडल्या, आणि साखरखेर्ड्यासच तह झाला. एका लहान गांवानें दक्षिणेचा इतिहास दोनदां वळविला. तेंच हैदराबादचें राज्य पुढें १८५३ सालीं कर्जापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं करितें, आणि मग ह्या जिल्ह्याच्या वाटा मुंबईकडे वळूं लागतात.

सिंदखेडाहून निघाल्यावर स्वारांना ह्या प्रदेशांतील सर्वांत नवा आणि सर्वांत वेगवान रस्ता आडवा येतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग सिंदखेड राजा, लोणार, मेहकर ह्या तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला आणि शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं. त्यावर मोटारीस ताशीं १२० किलोमीटरांपर्यंत वेग घेण्याची मुभा आहे. परंतु दुचाकीस त्यावर पाऊल टाकण्याची परवानगी नाहीं. म्हणून ज्यांना वेगाची सर्वांत अधिक हौस तेच ह्या रस्त्याखालच्या बोगद्यांतून आपल्या जुन्या वाटेनें जातात, आणि वरून मोटारी सणाणत निघून जातात. ह्यांत दुचाकीस्वारांचें नुकसान झालें असें म्हणवत नाहीं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथें ह्याच महामार्गावर नागपूरहून पुण्यास निघालेली एक खाजगी बस उलटून पेटली आणि झोंपेंत असलेले २५ प्रवासी जळून मरण पावले. मोटारसायकलस्वारावर तर वेगाचा डाव अधिकच लवकर उलटतो; त्याच्या आणि रस्त्याच्या मध्यें पत्र्याची भिंतहि नसते. म्हणून शिरस्त्राण हें कायद्यासाठीं नसून घरीं वाट पाहणाऱ्यांसाठीं आहे, हें शहाण्या टोळ्यांस वेगळें सांगावें लागत नाहीं.

दहा-अकराच्या सुमारास लोणार येतें. गांवांतून जातांना पुढें कांहीं अद्भुत आहे अशी शंकाहि येत नाहीं. मग एकाएकीं जमीन संपते आणि खालीं सुमारें १.८ किलोमीटर व्यासाची, जवळजवळ दीडशें मीटर खोल अशी गोल वाटी दिसते; तिच्या उतारावर दाट झाडी, आणि तळाशीं हिरवट खारें पाणी. येथें गाड्या कांठावर ठेवून पायींच उतरावें लागतें. सकाळपासून यंत्राच्या आवाजानें भरलेले कान प्रथमच रिकामे होतात आणि झाडींतले मोर ऐकूं येतात.

ह्या तळ्याचा उलगडा करण्यास माणसाला फार काळ लागला. जुन्या कथेप्रमाणें येथें लवणासुर नांवाचा दैत्य राहत असे, आणि विष्णूनें त्याचा वध केला. त्याची आठवण म्हणून गांवांत दैत्यसूदनाचें देऊळ आहे. ताऱ्याच्या आकाराचा त्याचा पाया आणि भिंतींवरील शिल्पें पाहून यादवकालीन व त्यापूर्वींच्या कारागिरांच्या हाताची कल्पना येते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें 'आइने अकबरी' लिहिली, तींत मेहकर सरकारांतील लोणारचा उल्लेख आहे. ब्राह्मण ह्या स्थानास विष्णुगया म्हणतात, आणि कांच व साबण करण्यास लागणारे क्षार येथें मिळतात, असें तो सांगतो. म्हणजे जें क्षेत्र होतें तेंच बाजाराचेंहि ठिकाण होतें. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून लमाण मीठ आणि धान्य गांवोगांव नेत, त्या काळीं लोणारचा क्षार हाहि एक लादण्याचा माल होता.

१८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें ह्या विवराची नोंद केली. त्यानंतर दीडशें वर्षें विद्वानांत वाद चालला होता. बहुतेकांचें म्हणणें, हें ज्वालामुखीचें तोंड आहे. आणि तें चुकीचें वाटण्याचें कारण नव्हतें, कारण सारें दख्खनचें पठारच लाव्हारसाच्या थरांचें बनलेलें आहे. १९७३ सालीं निकाल लागला. विवराच्या तळांतून काढिलेल्या खडकांत एका खनिजाची अशी कांच झालेली आढळली कीं जी केवळ प्रचंड आघाताच्या दाबानेंच होते. ज्वालामुखी कितीहि धगधगला तरी तो दाब त्याच्यापाशीं नसतो. लोणारचें विवर आकाशांतून आलेल्या उल्केच्या आघातानें झालें, हें तेव्हां ठरलें. काळ्या बेसॉल्ट खडकांत झालेलें आणि इतक्या चांगल्या स्थितींत टिकलेलें उल्काविवर जगांत विरळा. त्याचें वय मात्र अजून वादांत आहे. एका मोजणीनें तें सुमारें ५० हजार वर्षें, तर नंतरच्या दुसऱ्या मोजणीनें साडेपांच लाखांहून अधिक वर्षें येतें. सकाळीं सिंदखेडास चारशें वर्षांचा काळ फार लांब वाटत होता. दोन तासांनीं येथें आल्यावर तो अगदीं कालचा होतो.

तळ्याच्या कांठावर धारेचें गोडें पाणी बारमाही वाहतें आणि खालीं तळ्यांतलें पाणी इतकें क्षारमय आहे कीं त्यांत मासा जगत नाहीं. २०२० च्या जून महिन्यांत हें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. लोक नाना तर्क लढवूं लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून सांगितलें कीं पाणी आटून क्षार वाढल्यामुळें खाऱ्या पाण्यांत वाढणारे सूक्ष्म जीव बहरले आणि त्यांच्या रंगानें पाणी रंगलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जगांतील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत लोणारचें नांव आलें. मान मिळाला, पण प्लॅस्टिकच्या बाटल्या, देवळांच्या खांबांवर कोरलेलीं प्रेमिकांचीं नांवें आणि गांवाकडून उतरणारें सांडपाणी ह्यांस तो मान कळत नाहीं. एका रविवारीं येणारे सहा मित्र तळ्याचें फार बिघडवीत नाहींत, फार सुधारीतहि नाहींत. परंतु असे रविवार वर्षांत बावन्न असतात, आणि दर रविवारीं टोळ्या एकापेक्षां अधिक असतात.

लोणारहून मेहकर अर्ध्या तासावर. हें पैनगंगेच्या कांठचें गांव, आणि अकबराच्या वेळीं वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें. येथें १८८८ सालीं जमिनींत शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ति सांपडली. माणसापेक्षां कितीतरी उंच अशी ती मूर्ति इंग्रज सरकारनें नेऊं नये म्हणून गांवकऱ्यांनीं घाईनें तिची प्रतिष्ठापना केली, असें येथें अभिमानानें सांगितलें जातें. दुपारचें जेवण बहुधा ह्याच गांवीं होतें: ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, आणि हंगाम असेल तर वांग्याचें भरीत. जेवणानंतर गाड्यांच्या साखळ्या आणि चाकांतली हवा पाहण्यांत थोडा वेळ जातो. तेव्हां ह्या वाहनाच्याहि इतिहासाकडे वळण्यास हरकत नाहीं.

१८८५ सालीं जर्मनींत डाइमलर आणि मायबाख ह्यांनीं लांकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचें यंत्र बसविलें. मोटारसायकलीचा आरंभ तेथून धरितात. इंग्लंडांतील रॉयल एन्फील्ड कंपनीनें १९०१ सालीं आपली पहिली मोटारसायकल केली आणि १९३२ सालीं 'बुलेट' हें नांव बाजारांत आणिलें. आपल्याकडे ही वस्तु विलायतेहून येई आणि ती साहेबाची, संस्थानिकाची किंवा एखाद्या हौशी डॉक्टराची असे. दुसरें महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विकावयास निघाल्या, तेव्हां ती थोडी खालीं उतरली. खेड्यांतल्या लोकांनीं तिला तिच्या आवाजावरून 'फटफटी' असें नांव दिलें, आणि तें कोणत्याहि कोशकारास सुचलें नसतें इतकें चपखल आहे. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड गाड्या जोडण्यासाठीं कंपनी निघाली. १९६१ च्या सुमारास म्हैसुरास जावा, आणि पाठोपाठ उत्तरेकडे राजदूत तयार होऊं लागली. ह्यांतील पुष्कळ गाड्यांना पेट्रोलांत तेल मिसळून द्यावें लागे. मागें निळा धूर निघे आणि धुरावरून गाडी कोणाची तें ओळखूं येई. परवान्यांच्या त्या काळांत दुचाकीसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे, आणि लग्नाच्या बोलणींत तिचा उल्लेख सोन्याच्या बरोबरीनें होई.

१९८५ च्या सुमारास जपानी कंपन्यांच्या साह्यानें हलक्या, थोड्या पेट्रोलावर चालणाऱ्या गाड्या निघाल्या आणि खरा पालट झाला. मोटारसायकल शेतकऱ्याच्या अंगणांत आली. तिच्यावर दुधाचे कॅन लटकले, सरकीच्या आणि खताच्या गोण्या लादल्या गेल्या, आजारी माणूस दोघांच्या मध्यें बसवून तालुक्याच्या दवाखान्यांत नेला गेला. रेल्वे जेथें आली नाहीं आणि एस्. टी. दिवसांतून दोनदांच येते, तेथें हें वाहन हौसेचें नसून घरच्या बैलासारखें झालें. रविवारची सहल हा त्या इतिहासाचा शेवटचा आणि सर्वांत लहान अध्याय आहे. ज्या गाडीवर बापानें शेताच्या खेपा घातल्या, तिच्याच नव्या भावंडावर मुलगा मित्रांबरोबर लोणार पाहावयास निघतो, ह्यांत एका पिढीच्या कष्टांचें फळ आहे.

अनेकांनीं मिळून जाण्याचे नियम मात्र बदललेले नाहींत. तांड्याच्या पुढें नायक असे, आणि अख्ख्या तांड्याची चाल त्यांतल्या सर्वांत मंद बैलाएवढी असे. जी टोळी सुखरूप परतते तिचाहि नियम हाच असतो. वाट जाणणारा पुढें, अनुभवी स्वार सर्वांत मागें, नवशिका मध्यें. वळण आलें कीं मागचा दिसेपर्यंत पुढच्यानें थांबावयाचें. कोणाच्या चाकांतली हवा गेली तर सहाहि गाड्या उभ्या राहतात. एकजण हातपंप मारितो, दुसरा चिकटपट्टी लावितो, बाकीचे उगीच सल्ले देतात. ज्या टोळींत पुढचा मागच्याकडे पाहत नाहीं ती सहल उरत नाहीं, शर्यत होते. आणि शर्यतीचा शेवट कित्येकदां इस्पितळांत होतो.

चिखली मागें टाकून तिसऱ्या प्रहरीं स्वार बुलढाण्यास येतात. हा डोंगरमाथा म्हणजे पाण्याची वांटणी करणारी सीमा आहे. ह्याच टापूंत उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वळून वर्धेस आणि पुढें गोदावरीस मिळते, म्हणून तिचें पाणी बंगालच्या उपसागरांत जातें. ह्याच डोंगरांतून उत्तरेस उतरणाऱ्या नळगंगा आणि ज्ञानगंगा पूर्णेस मिळतात. पूर्णा तापीस, आणि तापी अरबी समुद्रास. श्रावणांतला एकच ढग येथें फुटला तर त्याचें अर्धें पाणी पूर्वेच्या आणि अर्धें पश्चिमेच्या समुद्रास जावें, अशी ही जागा आहे. बालाघाट आणि पयानघाट हे शब्द भूगोलाच्या पुस्तकांत कोरडे वाटतात. घाटाच्या तोंडाशीं गाडी थांबवून खालीं पसरलेलें पूर्णेचें खोरें पाहिलें म्हणजे ते शब्द कोणी आणि कां योजिले हें समजतें.

बुलढाण्याहून खामगांवास जातांना बोथ्याचें रान लागतें. हें ज्ञानगंगा अभयारण्य. सुमारें २०५ चौरस किलोमीटरांचें. ह्या जिल्ह्यांत आलेल्या साऱ्या प्रवाशांत सर्वांत मोठी मजल कोणी मारिली असें विचारलें, तर उत्तर ह्या रानांत मिळतें. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतून एक तरुण वाघ निघाला. त्याच्या गळ्यांत वनखात्यानें यंत्राचा पट्टा बांधिला होता, म्हणून त्याची वाट कळत गेली. शेतें, ओढे, रस्ते ओलांडीत, तेलंगणांत जाऊन परत येत, सुमारें तेराशें किलोमीटर चालून तो त्या वर्षाच्या डिसेंबरांत ज्ञानगंगेच्या रानांत पोहोंचला. त्याला रान हवें होतें आणि जोडीदारीण हवी होती. ह्या रस्त्यावरून जातांना शहाणे स्वार कर्णा वाजवीत नाहींत आणि अंधार पडण्यापूर्वीं रान ओलांडतात. कारण तेथें पाहुणे ते असतात, यजमान दुसराच असतो.

घाट उतरला कीं हवा ऊबदार होते, माती काळी होते, आणि दोहों बाजूंस कापसाचीं शेतें लागतात. दिवे लागणीच्या वेळीं खामगांव येतें. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगांव ही त्या काळीं हिंदुस्थानांतील कापसाच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकीं एक होती. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ सालीं पुरा झाला. पण तो जलंबवरून गेला, आणि खामगांव आठ मैल बाजूस राहिलें. हंगामांत ह्या आठ मैलांवर कापसाच्या गाड्यांची रांग लागे. म्हणून जलंब-खामगांव हा खास फांटा काढण्यांत आला, आणि १८७० सालीं खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो तो उघडण्यास आले. हिंदुस्थानचा सर्वाधिकारी आठ मैलांच्या रेल्वेसाठीं येथवर आला, ह्यावरून त्या मालाची किंमत समजावी. कापूस उचलावयाचा होता तेथपर्यंत रूळ आले. डोंगरावर उचलण्यासारखें सरकारास कांहीं दिसलें नाहीं, म्हणून ते पायथ्याशीं थांबले. जालन्याकडे जाणारा मार्ग त्यांपुढें शंभर वर्षें कागदांवर चालत राहिला.

त्याच दोन टोकांमधला प्रवास सहा मित्रांनीं एका दिवसांत केला. त्यांच्या आज्यानें तो केला असता तर वाटेंत सात-आठ मुक्काम पडले असते. सात-आठ धर्मशाळा, तितक्याच विहिरी, तितक्याच गांवांतल्या ओट्यांवरील गप्पा, आणि त्यांतून झालेल्या ओळखी, एखादी सोयरीकहि. समृद्धि महामार्गावरील मोटार आज हा जिल्हा तासाभरांत ओलांडते. तीत बसलेल्यास सिंदखेड, लोणार आणि मेहकर हीं केवळ हिरव्या पाटीवरचीं नांवें असतात. मोटारसायकलस्वार ह्या दोहोंच्या मधला आहे. त्याला घोड्याचा वेळ नाहीं, पण मोटारीची कांचहि नाहीं. मातीचा वास, घाटांतली थंडी, पुढून येणाऱ्या गाडीवानाची हांक त्याला मिळते. पाहिजे तेथें थांबण्याचें स्वातंत्र्य तर त्याला साऱ्यांहून अधिक आहे, आणि तें वापरावयाचें कीं नाहीं हें त्याच्याच हातीं आहे.

मजल ह्या शब्दाचे आरंभीं दोन अर्थ सांगितले: चाललेलें अंतर, आणि जेथें उतरावयाचें तो मुक्काम. शंभर-सव्वाशें वर्षांत पहिला अर्थ इतका फुगला कीं दुसरा त्याखालीं दबून गेला. लखुजींच्या समाधीपाशीं पावतास, लोणारच्या कांठावर एक तास, घाटाच्या तोंडाशीं दहा मिनिटें, एवढेंच ज्यांनीं केलें त्यांनीं तो दुसरा अर्थ जागा ठेविला. रात्रीं खामगांवांत गाड्या भिंतीशीं लावून जेवावयास बसल्यावर त्यांच्या बोलण्यांत किलोमीटरांचा आंकडा एकदांच येतो. उरलेलें बोलणें सारें जेथें जेथें ते उतरले होते त्या जागांचें असतें.